सरावाला जाण्यासाठी मुलाला पैसे देणे योग्य आहे का?

प्रश्न : नववीतील मुलाची आई, राजारामपुरी, कोल्हापूर

माझा मुलगा शाळेतून आला की मोबाईल घेऊन आडवा होत असे. कोणत्याही उपक्रमात तो नाव देत नव्हता, म्हणून जुलैमध्ये त्याच्या वडिलांनी एक तोड काढली : शाळा सुटल्यावर खो-खोच्या सरावाला थांबल्यास प्रत्येक दिवसाचे 50 रुपये. तो खरोखरच जाऊ लागला. स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर तो लाल पेनाने खुणा करतो आणि शनिवारी हिशेब मांडतो. पावसाने मैदानाचा चिखल झाला आणि सराव झाला नाही, त्या दिवशी त्याने अर्धी खूण करून 25 रुपये मागितले. आपण हजर होतो, मैदान हजर नव्हते, असा त्याचा युक्तिवाद होता. तेव्हा आम्हाला हसू आले. गेल्या आठवड्यात वर्गशिक्षिकांनी विज्ञान प्रदर्शनासाठी त्याचे नाव सुचवले, तर जेवताना त्याने मान वर न करता विचारले, “ह्याचं किती?” त्यावर मात्र हसता आले नाही. आता स्नेहसंमेलनातील नाटकात काम केल्यास नवा मोबाईल द्यावा, असे यजमानांचे म्हणणे आहे. पैसे एकदम बंद केले तर तो खो-खोही सोडेल, अशी मला भीती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त क्रीडाशिक्षक, कसबा बावडा

ताई, आपल्याकडे जत्रेच्या मैदानात लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळावर आणि त्यानंतर रोख इनामावर. त्यामुळे कोल्हापूरच्या माणसाने बक्षिसाला नाके मुरडू नयेत, असे मी मानतो. मात्र ते इनाम कुस्तीला असते. पहाटे उठून जोर-बैठका काढल्याबद्दल कोणताही वस्ताद पोराच्या हातावर पैसे ठेवत नाही. पोरगे तालमीत जाते ते गल्लीतली पोरे तिथे असतात म्हणून आणि काल न जमलेला डाव आज जमेल या आशेने. आपण इनाम ठेवले नाही, हजेरीचा पगार सुरू केला, आणि पगारदार माणूस जादा कामाचे जादा पैसे मागणारच.

दुसरे असे की, साधनांवरचा खर्च आणि बक्षीस यांची गल्लत करू नये. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून रक्कम उभी केली. ते काही कुस्ती खेळण्याचे आमिष नव्हते. खेळणाऱ्याची वाट अडू नये म्हणून दिलेला हात होता. मुलाला बूट लागत असतील तर ते कसलीही अट न घालता घ्यावेत.

उत्तर : आठवीतील मुलीची आई, फुलेवाडी

सरांविषयी आदर ठेवून थोडे वेगळे लिहिते. माझी मुलगी इतकी बुजरी होती की वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नसे. गाईडच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेलीस तर जलरंगांची मोठी पेटी आणू, असे मी तिला कबूल केले. ती रडतच गेली, परंतु येताना दोन मैत्रिणी आणि दोऱ्यांच्या गाठी शिकून आली. पुढच्या शिबिराच्या वेळी पेटीचा विषयही निघाला नाही. आमिष नसते तर तिने उंबरा ओलांडलाच नसता, म्हणून सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. मात्र मी ते एकदाच दिले, हेही खरे.

उत्तर : मानसशास्त्राच्या प्राध्यापिका, शाहूपुरी

वरील दोन्ही अनुभव संशोधनाशी जुळणारे आहेत. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले निवडली. काहींना चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे आधीच सांगितले, काहींना ते अवचित दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत पहिल्या गटातील मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ रंगांकडे वळली. अवचित मिळालेल्यांच्या आवडीत मात्र अशी घट दिसली नाही. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी 1999 साली 128 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातही आधी जाहीर केलेल्या वस्तुरूप बक्षिसांनी मूळची आवड घटते, असाच निष्कर्ष निघाला.

यातील ‘मूळची आवड’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. फुलेवाडीच्या ताईंच्या मुलीला शिबिराची आवड नव्हतीच, भीती होती. त्यामुळे बक्षिसाने कमी होण्यासारखे तिथे काही नव्हते. आपल्या मुलाच्या बाबतीत, दोन महिन्यांत त्याला खो-खोतले काही आवडू लागले आहे का, हे आधी शोधावे, आणि तेही हिशेबाचा शनिवार टाळून. नाटकासाठी मोबाईल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाटक, प्रदर्शन की केवळ खो-खो, ही निवड त्याची असू द्यावी. निवड स्वतःची असणे, काही जमू लागल्याची जाणीव होणे आणि सोबतीला आपली माणसे असणे, या तिन्हींवर टिकाऊ प्रेरणा उभी राहते, अशी डेसी आणि रायन यांची मांडणी आहे.

प्रश्नकर्तीचे पुन्हा लेखन

सर्वांचे आभार. काल रंकाळ्यावर फिरताना त्याला सहज विचारले. पळायला त्याला आवडत नाही, परंतु खांबाजवळ सूर मारून गडी बाद करणे त्याला शिकायचे आहे आणि गुडघे सोलतात म्हणून तो कचरतो. मिळालेले पैसे त्याने खर्च केलेच नव्हते. गुडघ्याच्या पॅडसाठी कंपासपेटीत साठवले होते. हे मला ठाऊकच नव्हते. पॅड आम्ही घेणार आहोत आणि रोजचे पैसे बंद करणार आहोत. त्याने फारशी कुरकुर केली नाही. नाटकाला त्याचा नकार आहे आणि मोबाईलचा विषय यजमानांनी तूर्त बाजूला ठेवला आहे. मागील थकबाकीचे 200 रुपये मात्र आधी चुकते करावेत, अशी त्याची अट आहे आणि ती आम्ही मान्य केली आहे.