टोमॅटो चकतीसारखा का दिसतो?

जलरंगात टोमॅटो रंगवताना कडेपर्यंत सावली गडद करूनही तो गोल न वाटता चकतीसारखा दिसतो, असा प्रश्न आहे. गडबड त्या कडेतच आहे. सर्वांत गडद पट्टा कडेवर नको, थोडा आत हवा. कडेला टेबलावरून परतलेला उजेड पडतो, तिथे दोनेक मिलिमीटर फिकट पट्टी सोडा. पण ती चकाकीइतकी उजळ झाली तर फळ काचेचं वाटेल.

वनस्पतिचित्रांत उजेड बहुधा वरून, डावीकडून धरतात. म्हणजे गडद पट्टा खाली उजवीकडे, आणि तोही फळाच्या गोलाईबरोबर वळलेला. चकाकीपुरता कागद कोराच ठेवा. मागाहून लावलेला पांढरा खडूसारखा दिसतो.

सावलीत काळा नकोच, लाल मळतो. त्याच लालात किंचित हिरवा पुरे. रंगाचे पातळ हात एकावर एक द्या, पण आधीचा पूर्ण वाळल्यावरच. अर्धवट ओल्या रंगावर भरलेला ब्रश टेकला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग फुटतात. ते लगेच घासू नका, कागद उखडतो. वाळू द्या, मग ओलसर ब्रशने हलकेच उचला. बारीक काम शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने. त्याला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) हॉट प्रेस, म्हणजे गरम दाबाने गुळगुळीत केलेला कागदच बरा.