रोमानियाचं जुनं पदक: आजोबा रेल्वेत, मग पदकावर तलवारी कशा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बुखारेस्टला राहतो. आमच्या घरमालकीण आजींकडे त्यांच्या आजोबांचं एक पदक आहे, निळ्या मीनाकामाचा क्रॉस, वर मुकुट, मधे गरुड आणि भोवती 'इन फिदे सालुस' लिहिलेलं. शोधाशोध करून एवढं कळलं की हा 'स्तेआवा रोमुनियेइ', म्हणजे रोमानियाचा तारा, 1877 साली स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी तिथला राज्यकर्ता कारोल पहिला याच्या काळात सुरू झालेला आणि मुलकी, लष्करी दोन्हीकडच्या लोकांना मिळायचा. क्रॉसच्या हातांमधे किरणं आहेत, 1932 ला राजा कारोल दुसऱ्याने त्या जागी गरुड आणले, म्हणजे हे पदक त्याआधीच्या नमुन्याचं. फितीवर रोझेट (कापडाचं गोल फूल) आहे म्हणून पदकाच्या श्रेणींपैकी 'ऑफिसर' ही श्रेणी धरतोय.

गाडी अडलीये तलवारींपाशी. पदकावर दोन तलवारी आहेत, एकमेकींवर तिरप्या, आणि तलवारी फक्त लष्करी लोकांच्या पदकाला असतात असं सगळीकडे वाचलं. पण घरात कायम हेच सांगितलं गेलं की आजोबा रेल्वेत इंजिनियर होते. कागद एकही उरलेला नाही, 1947 च्या डिसेंबरात राजेशाही गेली आणि नंतरच्या काळात राजाने दिलेल्या पदकाबद्दल घरात कुणी बोलायचंच नाही, पोरांनी विचारलं तरी विषय बदलायचे. आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत, आजोबा लढाईवर गेले होते का एवढंच त्यांना कळायला हवंय, आणि मला ते खरंच शोधून द्यायचंय.

माझा अंदाज असा की ऑगस्ट 1916 ला रोमानिया पहिल्या महायुद्धात उतरला तेव्हा राखीव अधिकारी म्हणून बोलावलं असेल. अशा राखीव अधिकाऱ्याला तलवारीवालं पदक मिळायचं का? की युद्धात रेल्वे चालवणाऱ्या मुलकी माणसालाही देत होते? फीत आता इतकी विटलीये की शौर्यासाठीची वेगळी फीत होती का तेही ओळखू येत नाही.

दुसरं, पितेश्तला लष्करी अभिलेखागार आहे आणि पदकांचे हुकूम 'मोनितोरुल ओफिचियाल' या सरकारी गॅझेटात छापून यायचे, पण साल माहीत नसताना नुसत्या नावावरून शोध कसा घ्यायचा, कुणी युरोपातल्या अभिलेखागारात असं काम केलंय का? अर्ज कसा लिहायचा, नातीच्या सहीने चालतो का, काहीही माहिती असेल तर सांगा. पदकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो खाली टाकतोय, आजोबांचं नाव इथे उघड देत नाही, लागलं तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.