रिसीव्हरचे वॉट आणि ४ ओहमचे स्पीकर

विषय: होम थिएटरसाठी किती वॉटचा रिसीव्हर घ्यावा?

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांना ध्वनियंत्रणेची चांगली जाण आहे, म्हणून हा प्रश्न यादीवर मांडतो. गेल्या दोन महिन्यांत माझा रिसीव्हर (सर्व स्पीकरांना ध्वनी आणि शक्ती पुरवणारे यंत्र) तीनदा ऐन रंगात आलेल्या चित्रपटात बंद पडला. आधी आतून ‘टक्’ असा आवाज येतो, पाठोपाठ समोरचा तांबडा दिवा लुकलुकू लागतो, आणि वरच्या जाळीवर हात ठेवला तर दोन सेकंदांहून अधिक ठेववत नाही. अर्ध्या तासाने यंत्र मुकाट्याने पुन्हा सुरू होते.

समोरचे दोन उभे स्पीकर आणि मधला स्पीकर ४ ओहमचे (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप) असून त्यांची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिली असता निघणारा आवाज, ८६ डेसिबल आहे. पाठीमागे ‘२० ते २०० वॉट’ असे छापलेले आहे. बसण्याची जागा ४ मीटरवर आहे. खालच्या, घुमणाऱ्या स्वरांसाठीचा सबवूफरही आहे, पण उभे स्पीकर पुरेसे मोठे असल्याने त्याच्याकडे मी फारसे लक्ष दिलेले नाही.

नवे दोन रिसीव्हर मी पाहिले आहेत. एकाच्या खोक्यावर १५० वॉट लिहिले आहे, दुसऱ्याच्या १०० वॉट. दुसरा मात्र उचलायला चांगलाच जड आहे. स्पीकरला २०० वॉट लागतात असे धरले, तर १५० वॉटचा घेणे योग्य ठरेल ना?

आपला,
एक सभासद


उत्तर: होम थिएटरसाठी किती वॉटचा रिसीव्हर घ्यावा?

सप्रेम नमस्कार.

स्पीकरमागचा २०० हा आकडा त्याची गरज सांगत नाही, त्याची सहनशक्ती सांगतो. गरज ठरते ती संवेदनशीलता, बसण्याचे अंतर आणि आपल्याला हवा असलेला आवाज या तिन्हींवरून, म्हणून खोके बाजूला ठेवून आधी हिशेब मांडू.

संवेदनशीलता बहुधा २.८३ व्होल्ट देऊन १ मीटरवर मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये एवढ्या व्होल्टला १ वॉट खर्च होतो, तर ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २. त्यामुळे आपले ८६ डेसिबल हे खरे तर २ वॉटचे आहेत. १ वॉटला ८३ च मिळतात. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात, म्हणजे ४ मीटरवर १२. परंतु खोलीत भिंतींवरून परतणारा आवाजही कानी पडत असल्याने आपण ९ घटतात असे धरू. उरले ७४. वॉट दहापट केले की १० डेसिबल वाढतात आणि दुप्पट केले की जेमतेम ३, तेव्हा एका स्पीकरला १०० वॉट दिले तर खुर्चीपाशी सुमारे ९४ डेसिबल पोहोचतात, २०० वॉट दिले तर ९७. चित्रपटगृहाच्या मानकात मुख्य चॅनेलचे (एका स्पीकरसाठीच्या ध्वनिवाहिनीचे) क्षणिक शिखर १०५ डेसिबलचे धरलेले असते. घरी बहुतेक जण त्याहून १० ते १५ डेसिबल खालीच ऐकतात. म्हणजे प्रामाणिक १०० वॉट आपल्याला कसेबसे पुरतील, आणि १०० ऐवजी १५० घेतले तर पदरात पडतील पावणेदोन डेसिबल, जे आपल्या कानाला जेमतेम जाणवतील.

आता ते १५० वॉट तरी खरे आहेत का, हे माहितीपत्रकातल्या बारीक अक्षरांत पाहावे. तिथे ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल चालू, १० टक्के विकृती’ (विकृती म्हणजे मूळ ध्वनीत यंत्राने केलेली बिघाडाची भर) असे असेल आणि दुसऱ्यावर ‘८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, दोन चॅनेल चालू, ०.०८ टक्के विकृती’ असे असेल, तर एकाचे माप पायलीचे आणि दुसऱ्याचे किलोचे आहे, त्यांची तुलनाच होत नाही. माझा अंदाज विचाराल तर दुसराच अधिक ताकदीचा निघेल. वजन हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, पण या प्रकारच्या यंत्रांत ते बव्हंशी ट्रान्सफॉर्मरचे आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंखांचे असते.

मात्र आपले यंत्र बंद पडते त्याचे कारण बहुधा वॉट नसून विद्युतप्रवाह आहे. २० व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर २.५ अँपिअर ओढतो, ४ ओहमचा ५. शिवाय ४ हा नाममात्र आकडा आहे. काही वारंवारितांवर प्रतिरोध ३.२ ओहमपर्यंत उतरला तरी मानकानुसार त्याला ४ ओहमचा म्हणता येते. असे तीन स्पीकर एकदम खेचू लागले की रिसीव्हर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. मेनूत ‘४ ओहम’ असा पर्याय दिसेल, त्याच्या मोहात पडू नये. तो बहुतेक यंत्रांत आतला व्होल्टेज उतरवतो, त्यामुळे यंत्र थंड राहते खरे, पण ताकदही जाते.

खरेदीपूर्वी एक करून पाहावे. मेनूत समोरचे तिन्ही स्पीकर ‘लहान’ ठरवून क्रॉसओव्हर, म्हणजे सबवूफर आणि इतर स्पीकर यांच्यातली स्वरांची सीमा, ८० हर्ट्झवर ठेवावा. ‘लहान’ या शब्दाने आपल्या उंच स्पीकरांचा अपमान होत नाही. खालचे, सर्वाधिक शक्ती खाणारे स्वर सबवूफरकडे पाठवा, एवढाच त्याचा अर्थ. सबवूफरला स्वतःचा अँप्लिफायर असतो, त्यामुळे रिसीव्हरच्या डोक्यावरचा मोठा भार उतरतो.

कळावे.


उत्तर: उत्तर: होम थिएटरसाठी किती वॉटचा रिसीव्हर घ्यावा?

नमस्कार.

वरील हिशेब मान्य आहे, पण ‘कसेबसे पुरतील’ यावर मी थांबणार नाही. ताकद अपुरी पडली की अँप्लिफायर लहरीचे माथे छाटतो, आणि अशा छाटलेल्या, सतत ताणलेल्या आवाजाने ट्वीटर (स्पीकरमधले उंच स्वरांचे छोटे भाग) जळतात. माझा एक ट्वीटर ६० वॉटच्या यंत्राने जाळला आहे, २०० वॉटच्या नव्हे. म्हणून ज्याला प्री-आउट (बाहेरचा अँप्लिफायर जोडण्याच्या खाचा) आहेत असाच रिसीव्हर घ्यावा. पुढे गरज वाटल्यास समोरच्या तीन स्पीकरांसाठी ४ ओहम पेलणारा स्वतंत्र पॉवर अँप्लिफायर जोडता येतो आणि रिसीव्हरकडे मागच्या स्पीकरांचे हलके काम उरते.

तारांची टोकेही एकदा पाहावीत. तांब्याचा केसाएवढा एक धागा शेजारच्या खुंटीला टेकला तरी यंत्र अगदी असेच ‘टक्’ करते. आणि रिसीव्हरच्या डोक्यावर दुसरे काही ठेवलेले नाही ना?


उत्तर: होम थिएटरसाठी किती वॉटचा रिसीव्हर घ्यावा?

दोघांचे मनःपूर्वक आभार.

ठेवलेले होते. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स नेमका जाळीवरच बसवला होता, तो काढला. तारांची टोके ठीक निघाली. मेनूत तिन्ही स्पीकर ‘मोठे’ होते. मायक्रोफोन लावून केलेल्या स्वयंचलित मापनाने तसे परस्पर ठरवून टाकले होते आणि मी ते कधी उघडूनही पाहिले नव्हते. आता ८० हर्ट्झवर ठेवून, ज्या प्रसंगात यंत्र दर वेळी बंद पडत असे तोच प्रसंग त्याच आवाजात लावला. बंद पडले नाही, आणि जाळीवर हात निवांत ठेवता आला. आवाज आणखी ६ डेसिबल चढवल्यावर मात्र पुन्हा ‘टक्’ झाले. चौपट वॉट मागितले होते, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

१५० वॉटच्या यंत्राच्या पत्रकात १० टक्के विकृतीच निघाली, आणि त्याला प्री-आउटही नाहीत. दुसऱ्याला आहेत, म्हणून तोच जड रिसीव्हर घेत आहे. जुना रिसीव्हर मागच्या खोलीतल्या ८ ओहमच्या स्पीकरांवर काल दोन तास वाजवून पाहिला, जेमतेम कोमट झाला. मंडळाच्या वाचनालयासाठी हवा असल्यास कळवावे, तारांसकट आणून देईन.