भूत कुठंय म्हणे! (पाँटिपूल, आणि नंतर बरंच काही)

टिळकवाडीचा_टग्या

परवा ग्रुपवर एका महाशयांनी लिहिलं: "पाँटिपूल बघितला. दीड तास एका खोलीत चारपाच माणसं बडबडतात, झोंबी बाहेर, आपण आत. बजेट नव्हतं म्हणून आवाजावर भागवलं आणि शहाण्यांनी त्याला प्रयोग म्हटलं. भूत कुठंय?" त्याच्यावर सगळ्यांचे दात काढलेले इमोजी. मी तेव्हा जेवत होतो म्हणून गप्प बसलो, आता बसत नाही.

२००८ चा कॅनडाचा सिनेमा, ब्रूस मॅकडोनाल्डचा. ओंटारियोतलं बर्फात बुडालेलं लहानसं गाव, चर्चच्या तळघरात रेडिओ स्टेशन, तिथं सकाळची ड्युटी करणारा तिरसट निवेदक ग्रँट मॅझी (स्टीफन मॅकहॅटी, काय आवाज आहे त्या माणसाचा!). आता त्या केनकडं बघा. हा केन रोज 'सनशाइन चॉपर'मधून ट्रॅफिकची बातमी देतो, मागं पंख्याची फडफड. आणि हेलिकॉप्टर नाहीच! हा गडी टेकडीवर आपल्या डॉज डार्ट गाडीत बसलेला, फडफड वाजवलेली. अख्ख्या गावाला वाटतं वर चॉपर फिरतंय.

आता हाच केन एका सकाळी सांगायला लागतो की डॉक्टरच्या दवाखान्याला गर्दीनं वेढा घातलाय, माणसं माणसांना चावतायत. रोज खोटं हेलिकॉप्टर उडवणारा आवाज आज खरं बोलतोय की काय, हे स्टुडिओतल्या लोकांना कळत नाही, आपल्यालाही नाही. गर्दी दाखवली असती की हा प्रश्नच संपला असता. म्हणून दाखवली नाही. बजेट कमी असेलही, पण कमी बजेटवाले शंभर सिनेमे निघतात, हे किती जणांना सुचतं?

कपिलेश्वर_रोड

महाशय म्हणजे मीच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं, एका गल्लीतलेच आहोत.

टग्या, चॉपरचा मुद्दा चांगला काढलास, पण तो पहिल्या अर्ध्या तासातला. पुढं काय? पुढं तो डॉक्टर खिडकीतून आत येतो आणि समजावत बसतो की व्हायरस इंग्लिश शब्दांत आहे, शब्द कळला की माणूस गेला. आता हे व्याख्यान आहे की सिनेमा? मिसळ मागवली आणि वाटीत नुसता कट आणून दिला, वर मालक म्हणतो फरसाण तुम्ही मनात कल्पा. नाटक करायचं होतं तर रेडिओवर करायचं.

टिळकवाडीचा_टग्या

रेडिओवर पण झालंय ते, रेडिओ नाटक म्हणून. तुझ्या सल्ल्याची वाट बघितली नाही त्यांनी.

साउंडवाला_अनगोळ

मी धंद्यातला माणूस म्हणून बोलतो, लग्नं, भजनी मंडळं, नाटक, सगळ्याला साउंड देतो वीस वर्षं. कपिलेश्वरवाल्यांनी सिनेमा कशावर बघितला ते आधी सांगावं. त्यातली ती रेडिओ स्टेशनवर काम करणारी पोरगी लॉरेल अ‍ॅन, तिला लागण होते तेव्हा आधी ती एकाच शब्दावर अडकते, 'मिसिंग मिसिंग' करत राहते, मग बाजूला किटली शिट्टी मारते आणि ही किटलीचा आवाज काढायला लागते. किटली कुठं संपते आणि पोरगी कुठं सुरू होते तेच कळत नाही. मग मॅझी काचेच्या बूथमध्ये आणि ही बाहेरून काचेवर डोकं आपटते, बूथ साउंडप्रूफ म्हणून धप्प एवढंच येतं आत. ते धप्प पोटात लागतं. पण त्याला खालचा आवाज ऐकू यायला पाहिजे, आणि आमच्या लोकांना बेस म्हणजे छातीवर बुक्का एवढंच माहीत. गणपतीत डॉल्बी लावून लावून गावाचे कान गेलेत. मागच्या साली एका मंडळाच्या पोरानं मला विचारलं अण्णा हे किती वॅट, मी म्हटलं बाळा पुरे झालं, समोरच्या म्हातारीच्या कपाटातली भांडी पडालेत, तर म्हणतो मग भारी की! पैसे अजून दिले नाहीत. बावीस हजार. मिरवणुकीत पाऊस आला, अ‍ॅम्प्लिफायर भिजला, ते वेगळंच.

कपिलेश्वर_रोड

अण्णा, बावीस हजार माझ्याकडं नाहीत. आणि मी मोबाईलवर बघितला, कोल्हापूरला जाताना बसमध्ये. मग?

साउंडवाला_अनगोळ

मग काय, झालं. मोबाईलच्या स्पीकरवर, बसमध्ये. संकेश्वरच्या पुढं ड्रायव्हरनं गाणी लावली असतील ती पण आली असतील त्यात.

शहापूरचा_खवचट

मला एकच सांगा, हा व्हायरस आपल्या गावात आला तर कुठल्या शब्दात बसेल? मला वाटतं 'बेळगाव' आणि 'बेळगावी' यांच्यातल्या त्या एका वेलांटीत बसेल. २०१४ च्या १ नोव्हेंबरला ती अधिकृत झाली तेव्हापासून बसलेलाच आहे म्हणा. कोण कुठला शब्द म्हणतो त्यावरनं समोरचा चावतो की नाही ते ठरतं.

हौद्री_अण्णा

आलं! मी म्हणतच होतो अजून कसं आलं नाही. कॅनडाचा सिनेमा असू दे, चंद्रावरचा असू दे, पाचव्या रिप्लायला सीमाप्रश्न. मी पण घरात मराठीच बोलतो, शाळा कन्नड, धंदा दोन्हीत, मला कुणी चावलं नाही अजून. शिका की कन्नड, काय बिघडतंय? तीन पिढ्या इथं राहून 'येष्टु' आणि 'बर्री'च्या पुढं जात नाही आमची माणसं, आणि वर अन्याय अन्याय.

निपाणीची_लेक

अण्णा, मी लिहिणार नव्हते पण आता लिहिते. सिनेमा मी बघितलाय, अर्धा बघून थांबवला होता, कुठं थांबवला ते सांगते. मध्येच रेडिओवर कुठूनतरी फ्रेंचमध्ये सूचना घुसते. लॉरेल अ‍ॅन तिचं भाषांतर करून देते, मॅझी ते ऑन एअर वाचतो: जवळच्या माणसांपासून लांब राहा, लाडाचे शब्द वापरू नका, इंग्लिश बोलू नका... आणि शेवटची ओळ, कृपया या सूचनेचं भाषांतर करू नका. वाचून झाल्यावर! तिथं मी लॅपटॉप बंद केला, कारण मला आज्जी आठवली.

२०१९ चा ऑगस्ट. मामाचं गाव दूधगंगेकाठी. चार दिवस पाऊस, लाईट नाही, मोबाईल बंद. दुपारी रिक्षावर भोंगा बांधून कुणीतरी सूचना देत गेलं, कन्नडमध्ये, पावसात अर्धं ऐकू येतंय अर्धं नाही, भोंगा फाटलेला. आज्जीला बाजारापुरतं कन्नड येतं. तिला त्यातला एकच शब्द कळला, 'नीरु'. आमच्यात नळ चौथ्या दिवशी येतो. तर आज्जीनं काय केलं, दोन घागरी, कळशी आणि निळं पिंप घासून नळाखाली मांडलं. पाणी येणार म्हणून. पाणी आलंच, पाच वाजता गोठ्यात गुडघाभर. पिंप तरंगत दारात आलं तेव्हा आज्जीला कळलं कुठलं नीरु ते.

बरं, ते पाणी काळम्मावाडीचं, म्हणजे महाराष्ट्रातल्या धरणातनं सोडलेलं. सूचना कन्नडमधनं, ऐकणारी मराठी. सिनेमात भाषांतर केलं म्हणून अडकले, आमच्यात केलं नाही म्हणून.

शहापूरचा_खवचट

मी आपला विनोद केला होता. आता गप्प बसतो. (बसणार नाही, पण थोडा वेळ.)

हौद्री_अण्णा

ताई, वाईट वाटलं. पण आज्जींना बाहेर कुणी काढलं तेही लिहा की.

निपाणीची_लेक

लिहिते, लपवायचं काय त्यात. शेजारची सून, लिंगायतांची, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, धारवाडकडची. तीच ओरडत आली, "आज्जी ऊठ, नदी आलं, नदी आलं!" आज्जीला हाताला धरून माळावरच्या शाळेत नेलं, म्हशीचं दावं पण तिनंच सोडलं.

हौद्री_अण्णा

बघा म्हणजे. कन्नडवालीनंच वाचवलं.

निपाणीची_लेक

हो. मराठीत ओरडून वाचवलं.

कपिलेश्वर_रोड

😶 अण्णा, आता उतरा त्या केनच्या गाडीतून.

हौद्री_अण्णा

मी कशाला उतरू? दोन वर्षांत त्या पोरीला 'नदी आलं' एवढं तरी आलं. आमच्या माणसांना साठ वर्षांत 'नीरु बिडतारे', म्हणजे पाणी सोडतायत, एवढं कळू नये? मी हेच म्हणतोय आणि तुम्ही माझ्याच मुद्द्यावर टाळ्या वाजवालात.

वकीलकाका_खानापूर

शिकण्याचा मुद्दा वेगळा, सरकारचं कर्तव्य वेगळं, गल्लत करू नये. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेलं जुनं संरक्षण आहे. आमच्या तालुक्यात मराठी १५ टक्के आहे का हे विचारणाऱ्यानं एकदा रविवारच्या बाजारात यावं. आणि सिनेमा कॅनडाचा निघालाच आहे तर तिथलंही बघा. क्वेबेकनं, म्हणजे तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतानं, १९७७ मध्ये कायदा करून दुकानांच्या पाट्या फक्त फ्रेंच केल्या. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते चूक ठरवलं. १९९३ मध्ये बदल झाला, इंग्लिश चालेल पण फ्रेंच ठळक हवी. आपल्याकडं २०२४ पासून पाटीवर ६० टक्के कन्नड. म्हणजे आपण क्वेबेकच्या १९९३ पर्यंत पोचलो असं समजायला हरकत नाही. मी स्वतः या पाट्यांपायी दुकानदारांच्या तीन भानगडी चालवल्या, एकात पेंटरनं टेप लावून साठ टक्के मोजले होते, तेही उंचीनं, रुंदीनं नव्हे.

शहापूरचा_खवचट

काका, टेपचा फोटो असला तर टाका. माझ्या भावाच्या दुकानाची पाटी दोनदा रंगवून झाली, तिसऱ्यांदा पेंटरच म्हणाला साहेब आता फळ्यावर खडूनं लिहा.

टिळकवाडीचा_टग्या

पाट्या, भोंगा, बावीस हजार. धागा सिनेमाचा होता हो!

पण एक कबूल, निपाणीच्या ताईंनी लिहिलं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्या फ्रेंच सूचनेला नुसती गंमत समजलो होतो. गंमत आहेच तशी: इंग्लिशवाल्यांना जी भाषा शाळेत कंटाळत शिकवतात तीच वाचवणारी निघते. शेवटी मॅझी आणि त्याच्या कार्यक्रमाची निर्माती सिडनी मोडकंतोडकं फ्रेंच बोलत जीव वाचवायला बघतात, अगदी "नदी आलं" छापाचं.

आणि व्हायरसवरचा उतारा आठवा. शब्दाचा अर्थच काढून टाकायचा. सिडनी 'किल'वर अडकते तेव्हा तो तिला पटवतो की किल म्हणजे किस. शब्द पोकळ झाला की व्हायरसला बसायला जागा नाही. दरवर्षी १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर राज्योत्सव आणि दुसऱ्या रस्त्यावर काळा दिवस, दोन्हीकडं त्याच घोषणा, त्याच चालीत. मी लहानपणी घोषणा ऐकून रडायचो म्हणे. आता खिडकी लावून घेतो आणि चहा ठेवतो.

वकीलकाका_खानापूर

घोषणा पोकळ झाल्या हे तुमचं मत. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे तो पोकळ नाही. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्यासमोर चहाचं सांगू नका.

टिळकवाडीचा_टग्या

काका, माझ्या आजोबांनी पण खाल्ल्यात. तेच खिडकी लावायला सांगायचे शेवटी शेवटी.

हौद्री_अण्णा

हे मात्र पटलं. दोन्ही रस्त्यांवरची दुकानं बंद असतात त्या दिवशी आणि भाडं मालक घेतोच. वकीलसाहेब, पंधरा टक्क्यांचं पण मान्य, पूर आला की मराठीत सांगा, माझी हरकत नाही. पण सांगली आकाशवाणी ऐकत वाढलेल्या माणसानं धारवाड पण ऐकावं एवढंच म्हणणं. आमच्याकडं एकच रेडिओ होता, बाबा सांगली लावायचे, आई धारवाड, सुई मध्येच कुठंतरी ठेवली की दोन्ही एकदम यायचे, बातम्या मराठीत आणि मागं कन्नड भावगीत. मला वाटायचं रेडिओ असाच असतो.

साउंडवाला_अनगोळ

अण्णा, हे भारी सांगितलंत, मीडियम वेव्हवर रात्री असं फार व्हायचं, आमच्यात तर पणजी पण घुसायचं. आणि रेडिओचं निघालंच तर १९३८ मध्ये अमेरिकेत ऑर्सन वेल्सनं मंगळावरनं हल्ला झाल्याचं रेडिओ नाटक केलं, अर्धा देश घरं सोडून पळाला होता. आवाजाची ताकद!

वकीलकाका_खानापूर

अर्धा देश नव्हे. काही लोक घाबरले, बाकीचं वर्तमानपत्रांनी फुगवलं, कारण रेडिओ त्यांच्या जाहिराती खात होता.

साउंडवाला_अनगोळ

बरं. माझा अर्धा देश परत घ्या. काचेवरचं धप्प तेवढं राहू द्या.

कपिलेश्वर_रोड

काल रात्री परत बघितला. इअरफोन पोराचे, दार लावून. टग्या, नाचू नकोस. डॉक्टरचं व्याख्यान तेवढंच कंटाळवाणं आहे, ते अरबांचा वेष करून स्टुडिओत गाणारं कुटुंब कशाला आणलं ते मला अजून नीट कळलं नाही, शेवट तर साफ गुंडाळलाय. भूत दिसलं नाही ते नाहीच.

किटलीचा सीन बरा आहे.

सकाळी बायकोनं चहाला कुकरशेजारी किटली ठेवली, मी म्हटलं पातेल्यात कर.