४५ हजारांत गेमिंग संगणक: दुकानदाराची ही यादी घ्यावी का? तातडीने मदत हवी आहे

प्रीतिसंगम (१६ नोव्हेंबर २०२४, रात्री ९.१०)

नमस्कार. मी कराडला राहतो. दोन वर्षे शिकवण्या घेऊन ४५ हजार रुपये साठवले आहेत आणि त्यातून मला गेमिंगसाठी संगणक जोडून घ्यायचा आहे. येथील दुकानदाराने पुढील यादी ४४,५०० रुपयांना दिली आहे: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटच्या एसएमपीएससह (म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यासह) आरजीबी, म्हणजे रंगीत दिव्यांच्या पंख्यांचे कॅबिनेट. हा भाव त्यांनी सोमवारी दुपारपर्यंतच धरून ठेवला असून तोवर पाच हजार रुपये आगाऊ द्यायचे आहेत. यादी योग्य आहे की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

तांबडी_माती (रात्री ९.३२)

योग्य आहे की नाही, हे एवढ्या माहितीवर सांगता येणार नाही. ४ जीबीचे कार्ड म्हणजे नेमके कोणते? रॅमची एकच स्टिक आहे की दोन? मॉनिटर याच रकमेत धरला आहे का? कोणते गेम खेळायचे आहेत?

प्रीतिसंगम (रात्री ९.४०)

कार्डाचे नाव जीटी ७३० आहे. रॅम १६ जीबीची आहे. किती स्टिक आहेत, ते विचारले नाही. मॉनिटर घरी आहे. गेम सगळेच खेळायचे आहेत.

तांबडी_माती (रात्री ९.५८)

मग आगाऊ रक्कम मुळीच देऊ नका. जीटी ७३० हे २०१४ मध्ये आलेले कार्ड आहे. त्यावर ४ जीबी मेमरी असली, तरी ती मंद आहे आणि मुळात त्या चिपमध्येच गेम चालवण्याइतकी ताकद नाही. ५६००जी या प्रोसेसरच्या पोटात जे वेगा ग्राफिक्स आहे, ते या कार्डापेक्षा कितीतरी वेगवान आहे. म्हणजे तुम्ही कार्डासाठी पैसे मोजाल, मॉनिटरची केबल त्या कार्डाला लावाल आणि संगणक कार्डाविना चालला असता त्यापेक्षा हळू चालेल. कार्डाच्या खोक्यावर ‘४ जीबी’ ठळक अक्षरांत छापलेले असते आणि नवखा माणूस तेवढेच वाचतो.

माझा सल्ला असा, की कार्ड वगळून ५६००जीच घ्यावा, ३२०० वेगाच्या ८ जीबीच्या दोन स्टिक घ्याव्यात आणि पुढच्या वर्षी पैसे जमले की चांगले कार्ड बसवावे. मी स्वतः हेच केले. पोटातल्या ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, ते रॅमच वापरते. त्यामुळे एका स्टिकवर ते अक्षरशः गुदमरते आणि दोन स्टिक लावल्या की फरक डोळ्यांना दिसतो.

ग्रँटरोड (रात्री १०.२०)

नवीन कार्डाच्या भावात पडूच नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, वापरलेले आरएक्स ५८० हे आठ जीबीचे कार्ड अगदी थोडक्या पैशांत मिळते. मी तेच दोन वर्षे वापरतो आहे. उरलेल्या पैशांत उत्तम मॉनिटर येईल.

ओहम (रात्री १०.४१)

@ग्रँटरोड, हा सल्ला कराडला बसलेल्या माणसाला देऊ नये. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर गणिते सोडवून ते चलन मिळवणे, बंद पडल्यावर रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. शिवाय आरएक्स ५८० या नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या जातात. मूळ कार्डाच्या चिपमध्ये २३०४ छोटे प्रोसेसर असतात, तर ‘२०४८एसपी’ लिहिलेल्या कार्डात २०४८, म्हणजे ते प्रत्यक्षात कमी ताकदीचे आरएक्स ५७० असते. तुम्ही दुकानात उभे राहून पारखू शकता. यांनी कुरिअरने मागवले आणि आठवड्यात बंद पडले, तर ते कोणाकडे जातील?

@प्रीतिसंगम, मला कार्डापेक्षा त्या एसएमपीएसची अधिक काळजी वाटते. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसच्या बाजूला एक कागद चिकटवलेला असतो. दुकानात गेलात तर त्यावर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत, ते वाचा. १६ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, कारण प्रोसेसर आणि कार्ड हे दोन्ही जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. वर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेले असले, तरी तुमच्या उपयोगाचा आकडा १९२ हाच. माझा असाच एक एसएमपीएस मे महिन्यात वीज ये-जा करत असताना जळाला आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क घेऊन गेला. त्या डिस्कवर माझ्या बहिणीच्या लग्नाची सगळी छायाचित्रे होती.

ग्रँटरोड (रात्री १०.५५)

आपले नुकसान झाले, याचे वाईट वाटते. तरीही सगळीच वापरलेली कार्डे टाकाऊ असतात, हे मला मान्य नाही. २०४८एसपीचा मुद्दा मात्र बरोबर आहे. तो मी आधीच सांगायला हवा होता.

सातमजली (रात्री ११.०५)

माझ्या मते लॅपटॉप घ्यावा. अभ्यासालाही होतो आणि वीज गेली तरी चालतो.

निळीशाई (रात्री ११.१८)

विंडोजचे पैसे वाचवून लिनक्स टाका. मी तीन वर्षांपासून सगळे गेम त्यावरच खेळतो आणि कोणतीही अडचण आलेली नाही.

तांबडी_माती (रात्री ११.२६)

व्हॅलोरंट खेळायचा असेल तर लिनक्स उपयोगाचे नाही. त्याची व्हॅनगार्ड ही फसवणूकविरोधी यंत्रणा तेथे चालत नाही. विंडोज ११ वरही तिला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या संगणकातल्या सुरक्षा सोयी चालू लागतात. म्हणूनच गेमची नावे विचारली होती. @प्रीतिसंगम, ‘सगळेच’ हे उत्तर नव्हे.

प्रीतिसंगम (१७ नोव्हेंबर, सकाळी ७.५०)

क्षमस्व, घाईत लिहिले होते. मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो. पण पैसे साठवले ते सायबरपंक २०७७ आणि रेड डेड रिडेम्प्शन २ यांच्यासाठी. मित्राच्या घरी अर्धा तास पाहिले होते, तेव्हापासून ते डोक्यातून गेलेले नाही. ‘कार्ड पुढच्या वर्षी’ हे मला जमणार नाही, कारण पुढच्या वर्षी नोकरी शोधायची आहे. मॉनिटर काकांच्या कार्यालयातला जुना आहे, मागे निळ्या रंगाची, दोन स्क्रू आवळायची केबल लागते. यामुळे काही फरक पडतो का?

ओहम (सकाळी ८.१५)

फार मोठा फरक पडतो आणि हे पहिल्याच संदेशात यायला हवे होते. ती व्हीजीए केबल आहे. आजच्या कोणत्याही नव्या गेमिंग कार्डाला ती जागाच नसते. त्यावर फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात. एचडीएमआयचे व्हीजीए करणारा लहान कन्व्हर्टर तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो घ्यावा लागेल. मॉनिटर बहुधा १३६६ बाय ७६८ चा असेल. चित्र तेवढेच दिसेल, पण मॉनिटर नंतर बदलता येतो.

हे दोन गेम ठरले असतील, तर ५६००जीचा मार्ग सोडून द्या. इंटेल आय३ १२१००एफ आणि एएमडी आरएक्स ६६०० ही जोडी घ्या. प्रोसेसरला चार कोर आणि आठ थ्रेड आहेत, पंखा खोक्यातच येतो. कार्ड ८ जीबीचे आहे आणि त्याची वीज १३२ वॅट, म्हणून चांगला एसएमपीएस असेल तर ५५० वॅट भरपूर होतात. मी काल पाहिलेले अंदाजे भाव: प्रोसेसर ७,७००, एच६१० मदरबोर्ड ६,०००, कार्ड १९,५००, ८ जीबीच्या दोन स्टिक ३,३००, ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी २,९००, एसएमपीएस ३,९०० आणि साधे, समोरून जाळीचे कॅबिनेट २,२००. एकूण ४५,५०० होतात. ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते, तेव्हा केबल कार्डालाच लावायची. बोर्डाला लावलीत तर पडदा काळाच राहील.

तांबडी_माती (सकाळी ८.४०)

गेम हेच असतील तर मीही माझे म्हणणे मागे घेतो. मात्र चार कोरवर पैसे घालण्यापेक्षा आणखी तीन-चार हजार जमवून सहा कोरचा रायझन ५ ५६०० घ्यावा, असे मला वाटते.

ओहम (सकाळी ८.५२)

ते तीन-चार हजार कोठून आणायचे? एसएमपीएसमधून काढायचे असतील, तर माझा ठाम विरोध आहे. याच बोर्डवर पुढे सहा कोरचा आय५ १२४००एफ बसतो, तो मार्ग मोकळा आहे.

पेन्सिलबॉक्स (सकाळी ९.३०)

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे कंपनीतून मोडीत निघालेला आय५ चौथ्या पिढीचा डेस्कटॉप आहे. त्यात जीटीएक्स १६५० बसेल का?

ग्रँटरोड (सकाळी ९.४४)

वेगळी वीजजोडणी न लागणारे ७५ वॅटचे कार्ड निवडा आणि आधी कॅबिनेटची रुंदी मोजा. ते बारीक असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचे कार्डच लागेल. बाकीचे कृपया नव्या धाग्यात विचारा, येथे मूळ प्रश्न सुटायचा आहे.

प्रीतिसंगम (१७ नोव्हेंबर, रात्री ८.०५)

दुकानात जाऊन आलो. एसएमपीएसवरचा कागद वाचला, १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर लिहिले होते. रॅमची एकच स्टिक होती. मी आगाऊ रक्कम दिली नाही. ओहम यांची यादी मागवतो आहे. वरचे पैसे आईने दिले. प्रत्येक वस्तूचे पक्के बिल घेणार आहे.

प्रीतिसंगम (२६ नोव्हेंबर, रात्री ११.४०)

जोडणी झाली. पहिल्यांदा पडदा काळाच होता आणि माझे हात थरथरू लागले होते. केबल कार्डालाच होती, पण कार्डाची आठ पिनची वीजजोडणी खटका वाजेपर्यंत आत गेली नव्हती. ती दाबल्यावर चित्र आले. व्हॅलोरंट उत्तम चालतो आहे, सायबरपंक उतरवायला लावला आहे. एकच शंका आहे: रॅम ३२०० ची घेतली, तरी टास्क मॅनेजरमध्ये २६६६ दिसते. फसवणूक झाली का?

ओहम (रात्री ११.५१)

नाही. संगणक सुरू होताना डिलीट कळ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जा आणि रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी एक्सएमपी ही सोय चालू करा.

प्रीतिसंगम (२७ नोव्हेंबर, रात्री १२.०६)

३२०० दिसले.