मदत हवी आहे: वाचननोंदी कुठे ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी. वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी वहीतून ऑनलाइन आणायच्या आहेत, पण नुसती यादी नको. आपल्यासारखं वाचणारी माणसं सापडावीत, त्यांच्याकडून न ऐकलेली पुस्तकं कळावीत, ही खरी ओढ आहे.

वाचननोंदींच्या संकेतस्थळांपैकी गुडरीड्सवर (2007 पासूनचं) वाचक सर्वांत जास्त, पण पुस्तकाला पसंतीचे तारे पूर्णच द्यावे लागतात. स्टोरीग्राफवर पाव ताराही देता येतो, शिवाय पुस्तकाचा मूड आणि गती नोंदवता येते. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण 'चांगलं आहे' एवढ्यावरून काय कळणार? लायब्ररीथिंग हे तिसरं संकेतस्थळ गुडरीड्सहून जुनं, 2005 चं.

अडचण जुन्या पुस्तकांची आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, 1970 च्या सुमारास आला. त्याआधीच्या आवृत्त्यांवर क्रमांकच नसतो, त्यामुळे बारकोड स्कॅन करून काही मिळत नाही. अशी पुस्तकं तुम्ही हाताने भरता का? अनुवादकाचं नाव कुठे लिहिता? आणि एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी झाल्या तर त्या एकत्र कशा करायच्या?

शिवाय, तपशीलवार परीक्षणं लिहिणारे वाचक तुम्ही कसे शोधता, तेही सांगा. तारे बघून निवडलेल्या पुस्तकांनी मन भरत नाही.