पलटणीच्या बिल्ल्याला चौदा हजार? हा भाव मी मानत नाही

सड्यावरचा

गेली सोळा-सतरा वर्षं मी पलटणींचे बिल्ले जमवतोय. टोपीवरचे, कॉलरवरच्या जोड्या, खांद्यावरची पितळी अक्षरं. बहुतेक आपल्याच पट्ट्यातले: मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, संगमेश्वर. ते इथे का सापडतात हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दापोलीला अजूनही जुनी माणसं ‘कॅम्प’ म्हणतात. आमच्या वाडीत तर ज्या घरात पलटणीतला नाही त्या घरात आरमारातला माणूस होता.

शिमग्याच्या आधी एका ऑनलाइन लिलावात मराठा लाइट इन्फंट्रीचा स्वातंत्र्यापूर्वीचा पितळी टोपीबिल्ला १४,२०० रुपयांना गेला. अगदी तसाच बिल्ला मी २०११ साली चिपळूणला जुन्या भांड्यांच्या दुकानातून ३५० ला घेतला होता. महागाई कितीही धरली तरी एवढी उडी होत नाही. वस्तू दुर्मीळ म्हणावी तर तसंही नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेलं होतं, त्या हिशेबाने बिल्लेही ढिगाने पाडले गेले.

पण माझा मुद्दा पुढे आहे. त्या बिल्ल्याचे फोटो मी मोठे करून नीट पाहिले होते. बिल्ल्यावर जो बिगुल कोरलाय त्याच्या तोंडापाशी उजव्या कडेला एक आडवा चरा. मागच्या दोन कड्यांपैकी एक कधीतरी तुटलेली आणि कथलाचा डाग देऊन परत बसवलेली, डाग थोडा ओघळलेला. बारा दिवसांनी तोच बिल्ला परत लिलावात आला. तोच चरा, तोच ओघळ. मग १४,२०० ला घेतला कोणी? जुन्या विक्रीच्या यादीत मात्र ‘विकला गेला, १४,२००’ ही ओळ तशीच राहिली. आता जो कोणी भाव शोधेल त्याला तीच ओळ दिसणार.

आणि असा आकडा दिसला की काय होतं ते मी आधीच पाहिलंय. आमच्या वाडीतल्या एका काकींच्या सासऱ्यांची ट्रंक माळ्यावर होती. त्यात बिल्ला, खांद्याची अक्षरं, डिस्चार्जचं पुस्तक, इटलीहून आलेली दोन पत्रं, एक फोटो. ही ट्रंक मी आधी एकदा पाहिली होती आणि काकींना सांगून ठेवलं होतं की यातलं काही वेगळं करू नका. मुंबईच्या पुतण्याने असाच एक भाव मोबाइलवर पाहिला, एकटा बिल्ला उचलून नेला आणि १५,००० ला लावला. वर्षभर कोणी घेतला नाही. इकडे उघडी ट्रंक पावसाळाभर तशीच राहिली, कागदांना वाळवी लागली. बिल्ला परत आला, पण तो कोणाच्या टोपीवर होता, तो माणूस कुठे लढला, हे सांगणारा एक कागद उरला नाही.

म्हणून म्हणतो, हे लिलावी आकडे आपण भाव म्हणून वापरणं बंद करावं. खरेदी करतानाही आणि गावात कोणी विचारलं तर सांगतानाही.

चाकरमानी, डोंबिवली

दादा, काकींच्या कागदांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचं म्हणणं मला पटत नाही, आणि स्पष्टच बोलतो. तुम्ही ३५० ला घेतलात त्या दिवशी दुकानदाराला माहीत होतं का तो काय विकतोय? तो पितळेच्या वजनावर थोडं चढवून बोलला असेल. अज्ञानातून ठरलेला भाव खरा आणि चार माणसांनी उघड बोली लावून ठरवलेला भाव खोटा, हे कसं?

आमच्या घरची गोष्ट सांगतो. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. त्यांना ब्रिटिश वॉर मेडल होतं. ते पदक स्टर्लिंग चांदीचं, शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी, वजन एका औंसाच्या आसपास. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली. १९८० च्या सुरुवातीला जगभर चांदी भडकली तेव्हा आजीने ते सोनाराकडे नेलं. घराचं छप्पर शाकारायचं होतं. सोनाराने वजन केलं, पैसे दिले, पदक मुशीत टाकलं. अशी किती आटली असतील! ते पदक ६० लाखांच्या वर दिलं गेलं होतं, त्यामुळे कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. त्या दिवशी कोणी चांदीच्या तिप्पट पैसे देतो म्हणाला असता तर पणजोबांचं नाव आज कुठल्यातरी कपाटात शाबूत असतं. भले परक्याच्या.

भाव चढला म्हणून वस्तू वाचते. तुमच्या काकींच्या पुतण्याने निदान बिल्ला जपून परत आणला. भाव नसता तर तो भंगारवाल्याच्या पोत्यात गेला असता आणि कागदांनी चूल पेटली असती.

बिगुल

मी घेतो आणि विकतोही, म्हणून दोन गोष्टी कामाच्या सांगतो.

एक: तोच बिल्ला परत लिलावात आला म्हणजे खोटी बोली, असं लगेच म्हणू नका. बोली जिंकून पैसे न भरणारे पुष्कळ असतात. रात्री अकराला उत्साहात आकडा टाकतात, सकाळी बायको विचारते, मग फोन बंद. मला वर्षात दोन-तीनदा हा अनुभव येतो. वस्तू परत लावण्याशिवाय विकणारा काय करणार?

दोन: आकडा एवढा का चढतो ते समजून घ्या. बहुतेक ठिकाणी तुम्ही तुमचा वरचा आकडा गुपचूप टाकून ठेवता आणि यंत्र तुमच्या वतीने दुसऱ्यापेक्षा एक पायरी वर बोलत राहतं. एकाने २०,००० टाकून ठेवले आणि दुसऱ्याने १४,०००, की वस्तू चौदाच्या किंचित वर जाते. तिसरा माणूस हजारालाही घेणार नसेल, तरी भाव चौदाच दिसतो. त्यामुळे एका लिलावावरून बाजार ठरवू नये हे तुमचं म्हणणं बरोबर. पण त्यात लबाडी असेलच असं नाही.

सड्यावरचा

बिगुल, पैसे न भरणारे असतात हे मान्य. पण मी नुसता परत आलेला बिल्ला पाहून बोलत नाही. त्या विकणाऱ्याच्या आठ वस्तू मी तीन महिने वहीत टिपल्या. त्यातल्या पाच परत आल्या. बोली लावणाऱ्यांची नावं झाकलेली असतात, पण त्यांनी किती खरेदी केली आणि त्यातली किती एकाच विकणाऱ्याकडून, हे काही ठिकाणी दिसतं. एक खातं असं होतं की त्याच्या जवळजवळ सगळ्या बोली याच माणसाच्या मालावर. बहुतेक वेळा दुसऱ्या नंबरला. एकदा चुकून जिंकलं की वस्तू परत यादीत. आपल्या माणसाकरवी आपल्याच मालावर बोली चढवणं हा कितीतरी देशांत गुन्हा आहे, आणि मासळीच्या लिलावात कोणी असं केलं तर बंदरावरची माणसं दुसऱ्या दिवशी त्याच्या टोपलीकडे फिरकणार नाहीत. इथे मात्र चेहराच दिसत नाही.

तळकोकणी

तुमचा सगळा वाचलंय. माका एकच सांगाचा हा. भाव वाढलो तसो खोटो माल वाढलो. म्हयन्यापूर्वी मी एक बिल्लो तीन हजाराक घेतलंय. घराकडे आणून बगतंय तर माज्याकडच्या जुन्या बिल्ल्यापेक्षा इवलोसो बारीक. माका वाटला, माजीच नजर चुकता. पट्टी लावलंय, खराच बारीक! आता सांगा, शंभर रुपये भाव असतो तर कोणी खोटो करूक बसलो असतो काय?

बिगुल

@तळकोकणी, तुमची नजर चुकली नाही. खऱ्या बिल्ल्यावरून वाळूत साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, म्हणून ती मुळापेक्षा किंचित लहान भरते. आता मागची बाजू बघा. खरा बिल्ला पत्र्यावर ठशाने दाबून काढलेला असतो, त्यामुळे पुढे जिथे उठाव तिथे मागे खोलगट. ओतीव नक्कल मागून सपाट किंवा खरबरीत, त्यावर बारीक बारीक भोकं, आणि हातात जड. बिगुलाच्या दोरीची वीण भिंगातून पाहा. दाबीव कामात प्रत्येक पीळ सुटा दिसतो, ओतीवमध्ये सगळं लोण्यासारखं वितळलेलं.

पण ठशाची नवी नक्कल आली तर मागूनही खऱ्यासारखीच दिसते, तिथे मीही फसलो आहे. एक सोपी खूण मात्र पक्की. ज्या बिल्ल्यावर इंग्रजी नाव आहे त्याचं स्पेलिंग वाचा. स्वातंत्र्यापूर्वी एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं लिहीत, नंतर एम-ए-आर-ए-टी-एच-ए. वर राजमुकुट आणि खाली नवं स्पेलिंग असा एक मला ‘१९४४ चा’ म्हणून दाखवला होता. मी तिथूनच परतलो.

माजी हवालदार, खेड तालुका

बिल्ला आणि पदक यांत आपण घोटाळा करताय. बिल्ला सरकारने दिला, जसा बूट दिला, पट्टा दिला. हरवला तर दंड भरून दुसरा मिळायचा. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला, बिल्ल्यांवरचा मुकुट गेला आणि सिंह आले, तेव्हा जुने बिल्ले टाकूनच दिले ना? त्याची खरेदी-विक्री करा, माझी हरकत नाही. चौदा हजार द्या नाहीतर चाळीस.

पदक तसं नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ ला एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, त्यांच्या मागे घरच्यांना मिळाला. असल्या वस्तूवर बोली लागते हे ऐकलं तरी माझं डोकं फिरतं. साधं सेवापदक असलं तरी त्यावर नाव आहे, म्हणजे ते त्या माणसाचं आहे. ते घरात ठेवावं, नाहीतर बेळगावला रेजिमेंटच्या हवाली करावं. बाजारात नेऊ नये.

खाडीकाठची

हवालदार काका, तुमचा मान ठेवून विचारते. घरात ठेवावं म्हणजे कोणी ठेवावं? आमच्या घरात पुरुष माणूस नाही. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी माळ्याला लागलं तेव्हा मी आधी आईला काढलं, मग गॅसचं सिलिंडर. आजोबांची पेटी तीन दिवस चिखलात होती. मला उद्या कोणी तिचे पंधरा हजार दिले तर मी घेईन आणि मला लाज वाटणार नाही. मला फसवून दोनशेला नेऊ नये एवढंच. चढ्या भावाबद्दल रागावणारे बहुतेक घेणारे असतात असं मला इथे वाचताना वाटलं. विकणाऱ्याला तो भाव कधी टोचत नाही.

नाव नको

चर्चेत कायदा कोणी काढला नाही म्हणून. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तूत मोडू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९१४ ते १८ च्या लढाईतली पदकं आणि बिल्ले आता त्या रेषेपलीकडे गेले आहेत. परदेशी लिलावातले पौंडातले आकडे पाहून कोणी हुरळून जाऊ नये. तिथे घेणारा वर लिलावगृहाचं कमिशन, टपाल आणि कर भरतो. आपल्याकडची वस्तू त्या भावाला तिथे पोचवायला गेलात तर भाव राहील बाजूला, केस लागेल.

सड्यावरचा

खाडीकाठच्या ताई, तुमचं वाक्य लागलं आणि लागायलाच हवं होतं. ते ३५० रुपये मी बरीच वर्षं अभिमानाने सांगत आलो. विकणाऱ्याला काय वाटलं असेल हा विचार केला नव्हता. चाकरमानी यांच्या पणजोबांचं पदक वाचल्यावर हेही मान्य करतो की भाव शून्य असण्यापेक्षा चढा बरा.

पण तुम्हाला जो पंधरा हजारांचा आकडा ऐकायला येतो तो तुम्हाला मिळणारच नाही, माझी चीड त्यावर आहे. काकींनाही मिळाला नाही. आकड्याची आशा दाखवायची, त्यापायी ट्रंक फोडायची आणि शेवटी हाती काही द्यायचं नाही, असं ते चाललंय. मला विचाराल तर कागद आणि फोटोंसकट असलेल्या एका माणसाच्या सामानाला मी सुट्या बिल्ल्याच्या तिप्पट-चौपट आनंदाने देईन, कारण नाव सांगणारा कागद नकली करणं अवघड आहे. जुना जाणता संग्राहक पहिला प्रश्न हाच विचारतो: सोबत काय आहे?

चाकरमानी, डोंबिवली

म्हणजे शेवटी भावच वाढवून सांगितलात की! मी माझ्या जागी ठाम आहे. लोकांना चढे भाव कळू देत, खोट्या बोली लावणाऱ्यांना नावानिशी पकडा, दोन्ही करा. पण भाव लपवून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

खाडीकाठची

पेटी अजून आहे. कुलूप गंजून बसलंय, पुरानंतर उघडलीच नाही. हलवली की आत काहीतरी धातूचं वाजतं. कोणी विकत घेण्याआधी नुसतं बघून सांगेल का, काय आहे ते?

सड्यावरचा

येतो, येत्या रविवारी. हवालदार काकांनाही आणतो, खेडहून वाटेवरच आहेत. तोवर कुलपात नुसतं खोबरेल सोडून ठेवा, तोडू नका. आत कागद ओले होऊन चिकटलेले असतील तर उलगडायला जाऊ नका. आणि बिल्ला हिरवा पडलेला दिसला तरी घासायचा नाही. चिंच नको, भिरंडाच्या (कोकमाच्या) साली तर मुळीच नकोत.